सरकारी वकील कोणाचा?

अत्याचाराचा खटला उभा राहिला की आपल्या वस्त्यांतून दोन प्रकारची मते ऐकू येतात. सरकारने वकील दिला आहे, आता आपणांस काही करावयाचे उरले नाही, हे एक; आणि तो सरकारचा माणूस, पोलीस सांगतील तेच बोलणार, हे दुसरे. वाचकहो, ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि त्यांच्यापायी हाती असलेले हक्क न वापरताच वाया जातात.

कायद्यातील शब्द 'सरकारी अभियोक्ता' असा आहे. इंग्रजीत त्यास 'पब्लिक प्रॉसिक्युटर' म्हणतात. त्यातील 'पब्लिक' म्हणजे जनता. गुन्हा एका कुटुंबावर घडला तरी तो साऱ्या समाजाविरुद्धचा अपराध मानला जातो, म्हणून खटला राज्याच्या नावाने चालतो. अभियोक्ता पोलिसांचा ताबेदार नव्हे, तसाच फिर्यादीचा खासगी वकीलही नव्हे. वाटेल त्या उपायाने शिक्षा मिळविणे हे त्याचे काम नसून, सर्व पुरावा प्रामाणिकपणे न्यायासनापुढे मांडणे हे त्याचे कर्तव्य आहे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निदान सात वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीस 'विशेष सरकारी अभियोक्ता' म्हणून नेमता येते. १९९५ च्या नियमांतील चौथ्या नियमान्वये, पीडिताची इच्छा असल्यास, जिल्हादंडाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकीलही देऊ शकतो. मात्र ती इच्छा लेखी अर्जाने कळवावी. २०१६ पासून अमलात असलेल्या कलम १५-अ ने तर पीडितास प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. ही सूचना देण्याची जबाबदारी विशेष अभियोक्त्यावर किंवा राज्य शासनावर आहे. सूचना व सुनावणी या अनिवार्य बाबी होत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हरिराम भांभी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले.

अभियोक्त्यास न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेता येतो. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० नुसार पीडितास ऐकल्याविना अशी संमती देता येत नाही. तसेच न्यायालयाच्या परवानगीने अभियोक्त्याच्या साहाय्यास आपला वकील देण्याची मुभा आहे.

धम्मदीक्षेने हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतील बौद्धांचा दर्जा मान्य झाला आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, अभियोक्त्यास भेटा, साक्षीपूर्वी कागदपत्रे दाखवा, प्रत्येक तारखेस हजर राहा, आणि दिलेल्या अर्जाची पोच जपून ठेवा. अभियोक्ता जनतेचा आहे, आणि त्या जनतेत आपणही आहोत. आपण गैरहजर राहिलो, तर आपली बाजू न्यायासनापर्यंत पोहोचेल याची शाश्वती कोण देणार?