निर्वासितांवर संशोधन, पण निर्वासितांविना

१९८२ साली दोन गोष्टी घडल्या. ब्रह्मदेशात नवा नागरिकत्व कायदा आला आणि रोहिंग्या स्वतःच्याच देशात परके ठरले. त्याच वर्षी बार्बरा हॅरेल-बाँड यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात निर्वासितांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. पुढे हा विषय जगभर पसरला, त्याचे अभ्यासक्रम, नियतकालिके, परिषदा निघाल्या. इकडे ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात आले.

याचा दोष मी विद्वानांना देत नाही. गावे लष्कराने जाळली, प्राध्यापकांनी नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. मदत करणारे लोक निर्वासितांना न विचारता त्यांच्यावर मदत लादतात, असे हॅरेल-बाँड यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले होते. तीच टीका आज विद्यापीठांना लागू पडते.

अशाच एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मी श्रोता होतो. पडद्यावर कुतुपालाँगच्या छावणीची छायाचित्रे होती. बोलणारे अनेक देशांतले होते. एकही रोहिंग्या नव्हता. मी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "त्या पात्रतेचे कोणी मिळत नाही."

कसे मिळेल? २०१२ च्या हिंसाचारानंतर सित्तवे विद्यापीठाचे दरवाजे रोहिंग्यांना बंद झाले. छावणीतल्या मुलांना बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकण्याची मुभा नव्हती आणि म्यानमारचा अभ्यासक्रम वर्गात यायला २०२१ उजाडले. आधी शाळा हिरावून घ्यायची आणि मग पदवी मागायची, हा कुठला न्याय?

डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्वासितांविषयीचा जागतिक करार स्वीकारला. त्यात विद्यापीठांचे जागतिक जाळे उभारण्याचे वचन आहे. त्या सुमारास उच्च शिक्षणापर्यंत पोहोचलेले निर्वासित तरुण होते जेमतेम ३ टक्के. २०३० पर्यंत ते १५ टक्के व्हावेत, असे उद्दिष्ट आहे. ते शोधनिबंधांनी गाठता येणार नाही. त्यासाठी वर्गात जागा लागतील.

आपल्या घरातही पाहू. ज्यांची कालगणना हिजरतीपासून सुरू होते, त्या आखाती अरब देशांपैकी एकानेही १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. भारतानेही नाही. मग केवळ युरोपकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक संशोधन प्रकल्पाच्या निधीतून काही निर्वासित विद्यार्थ्यांचे शिक्षण व्हावे. जळालेल्या घरातून गुणपत्रिका आणता येत नाही, म्हणून प्रवेशासाठी परीक्षा घ्यावी, कागद मागू नयेत. छावणीत माहिती गोळा करणाऱ्या रोहिंग्या तरुणाचे नाव ऋणनिर्देशात नको, लेखकांच्या यादीत हवे.

एवढे करायला कोणत्याही लष्कराची परवानगी लागत नाही. विद्यापीठांच्या हातात आहे तेवढे तरी त्यांनी करावे. उपायांची चर्चा त्यानंतर.