औषधशास्त्राचे परदेशी धडे आणि जिल्हा रुग्णालयाची खिडकी

रायपूर शहरातील पंडरी हा भाग छत्तीसगडभर कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. रायपूरचे जिल्हा रुग्णालयही याच भागात आहे. बाजारात गाठोडी वाहणारा हमाल, पेढीवरचा पगारी गुमास्ता, धानाची कापणी आटोपून शहरात आलेली शेतमजूर स्त्री, ही सारी माणसे आजारी पडली की अखेर सरकारी रुग्णालयाच्या औषध-खिडकीसमोर रांगेत उभी राहतात. देशातील बहुतेक सरकारी रुग्णालयांत या खिडकीच्या आतला माणूस आणि बाहेरचा माणूस यांचा संबंध काही क्षणांचाच असतो. चिठ्ठी आत जाते, गोळ्या बाहेर येतात. "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर" एवढे शब्द ऐकावयास मिळाले तरी रुग्णाने समाधान मानावयाचे.

याच श्रमिक व निम्न-मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलेमुली आज औषधशास्त्राच्या महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर एकच ध्येय असते: परदेशी जावे, तेथील रुग्णालयात प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे आणि शक्य झाल्यास तेथेच स्थिरावे. या तरुणांना स्वार्थी ठरवून उपदेशाचे डोस पाजणारे संपादकीय लिहिणे सोपे आहे. परंतु प्रश्न नीतीचा नसून व्यवस्थेचा आहे. हा विद्यार्थी परदेशी जाऊन नेमके काय शिकतो, आणि ते येथे का शिकता येत नाही, किंवा शिकले तरी का वापरता येत नाही, हे आधी तपासले पाहिजे.

परदेशी वॉर्डात काय दिसते?

औषधनिर्मात्याला दुकानाच्या फळीमागून काढून रुग्णशय्येपाशी आणण्याची चळवळ पाश्चात्त्य देशांतही फार जुनी नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ साली नवव्या मजल्यावर औषधनिर्माते चोवीस तास वॉर्डातच नेमण्याचा प्रयोग झाला. या शाखेच्या इतिहासात तो आरंभबिंदूंपैकी एक मानला जातो. आज अमेरिकेत फार्म.डी. पदवीच्या विद्यार्थ्याला प्राथमिक स्वरूपाचे किमान ३०० तास आणि प्रगत स्वरूपाचे किमान १४४० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवावे लागतात. ब्रिटनमध्ये पदवीनंतर ५२ आठवड्यांचे देखरेखीखालील प्रशिक्षण आणि परीक्षा पार केल्याशिवाय नोंदणी होत नाही.

या तासांत विद्यार्थी काय करतो? तो डॉक्टर व परिचारिका यांच्यासह राऊंडला जातो. रुग्ण दाखल होताच घरी कोणती औषधे चालू होती, कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठले होते, हे तो विचारून लिहून घेतो. मूत्रपिंडाच्या तपासणीचे आकडे पाहून डोस कमी करावा लागेल काय, याचा हिशेब करतो. क्षयाच्या रुग्णाला रिफाम्पिसिन चालू असेल तर त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम घटतो, संततिनियमनाच्या गोळ्याही निकामी ठरू शकतात, हे तो वेळीच लक्षात आणून देतो. रुग्ण घरी निघाला की त्याच्या शेजारी बसून प्रत्येक गोळीचा अर्थ समजावून सांगतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चिठ्ठीत चूक दिसली तर "थांबा" असे डॉक्टरला सांगण्याचा अधिकार औषधनिर्मात्याला आहे, हे तो पाहतो. पदांची उतरंड जेथे हाडीमासी खिळलेली आहे अशा देशातून आलेल्या तरुणाला हा धडा पुस्तकातील कोणत्याही सूत्रापेक्षा मोठा वाटतो.

याचा अर्थ परदेश म्हणजे स्वर्ग असा मात्र नव्हे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याजवळ तेथील परवाना नसतो, म्हणून अनेक ठिकाणी त्याला केवळ निरीक्षक म्हणून मागे उभे राहावे लागते, आणि त्या उभे राहण्याचेही शुल्क भरावे लागते. तेथेच कायम काम करावयाचे तर समकक्षतेची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, पुन्हा कित्येक राज्यांत सुमारे दीड हजार तासांची उमेदवारी, अशी अडथळ्यांची शर्यत असते. शिवाय, ज्या अमेरिकेत इन्शुलिनचा डोस इतक्या काटेकोरपणे मोजण्याचे शिक्षण मिळते, त्याच अमेरिकेत किंमत परवडत नाही म्हणून मधुमेही रुग्ण तो डोस स्वतःच अर्धा करीत आले आहेत. वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेत इन्शुलिनचा मासिक खर्च ३५ डॉलरवर रोखण्यास २०२२ चा कायदा व्हावा लागला. विज्ञान पुढे आणि बाजार त्याच्या मानगुटीवर, हे भांडवलशाहीतील दृश्य विद्यार्थ्याने डोळे उघडे ठेवून पाहिले तर त्याचे शिक्षण अधिकच पुरे होईल.

अभ्यासक्रम कोणाच्या गरजेसाठी?

आता आपल्या घरची स्थिती पाहू. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली आणि आपला फार्मसी कायदाही त्याच वर्षीचा. डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे, असे या कायद्याचे ४२ वे कलम सांगते. पदविकेच्या विद्यार्थ्यासाठी १९९१ च्या नियमांनी किमान तीन महिन्यांचे, ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि त्यातील किमान २५० तास चिठ्ठीवरील औषधे देण्याचे काम बंधनकारक केले. कागद असा निर्दोष आहे. व्यवहारात मात्र परवाना भिंतीवर एकाचा आणि गल्ल्यावर माणूस दुसराच, हे चित्र कोणत्या शहराने पाहिलेले नाही?

सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम भारतात आला तो २००८ साली. पाच वर्षे शिक्षण, एक वर्ष रुग्णालयातील उमेदवारी, आणि त्यासाठी किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची अट. योजना चांगली होती. परंतु तिच्या जन्माची कहाणी बोलकी आहे. १ जानेवारी २००३ पासून पदवी घेणाऱ्या परदेशी औषधनिर्मात्यांना किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम असल्याशिवाय अमेरिकेतील समकक्षतेच्या परीक्षेस बसता येणार नाही, असा नियम झाला. आपली बी.फार्म. चार वर्षांची. दार बंद झाले, आणि ते पुन्हा उघडण्यासाठी जी धडपड झाली तिचा या अभ्यासक्रमाच्या मागे मोठा वाटा होता. पंडरीच्या रांगेतील रुग्णाची गरज आधी पाहिली गेली नाही. परिणामी पदवीधर तयार झाले, पण त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांत पदे निर्माण झाली नाहीत. औषधव्यवसायाच्या नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने रुग्णालयीन औषधतज्ज्ञ व औषध-माहिती अधिकारी यांची नावे आली, हे खरे. पण नियमात नाव येणे वेगळे आणि अंदाजपत्रकात पगाराची तरतूद होणे वेगळे. खासगी महाविद्यालयाचे शुल्क कर्ज काढून भरलेल्या तरुणाने सहा वर्षांनंतर औषध कंपनीची बॅग उचलावी किंवा विमानतळ गाठावा, एवढेच दोन रस्ते त्याच्यापुढे उरतात.

किंमत कोण मोजतो?

या रिकाम्या जागेची किंमत रुग्ण मोजतात. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिले गेल्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून औषध नियंत्रण यंत्रणेपर्यंतची सारी कुजलेली साखळी उघड केली. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात तेच विष खोकल्याच्या औषधातून वीसहून अधिक बालकांच्या पोटात गेले. अनेक मुलांना उपचारासाठी नागपूरला आणावे लागले आणि त्यांतील कित्येकांनी तेथेच प्राण सोडले.

एका औषधतज्ज्ञाने हे मृत्यू टाळले असते, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मूळ गुन्हा नफेखोर उत्पादनाचा आणि ढिल्या नियंत्रणाचा आहे. परंतु एकामागून एक मुले त्याच लक्षणांनी दाखल होत असताना "या सर्वांच्या पोटात कोणते औषध गेले?" हा प्रश्न विचारणे आणि उत्तरातील समान धागा ओळखणे, हेच ज्याचे नेमून दिलेले काम आहे असा माणूस रुग्णालयात असणे ही चैन नव्हे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून देशात आहे. पण नोंद करणारा हातच वॉर्डात नसेल तर कार्यक्रमाने काय करावे?

भिलाई आणि दल्ली राजहरा

परदेशी शिकून आलेला माणूस आपल्या देशात उपयोगी पडतच नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने रायपूरहून जवळच असलेल्या भिलाईकडे पाहावे. भिलाई पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली सोव्हिएत संघाशी झाला आणि पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्या काळात भारतीय अभियंते व तंत्रज्ञ सोव्हिएत कारखान्यांत शिकावयास गेले आणि परत आले. त्यांच्या देशभक्तीची परीक्षा कोणी घेतली नव्हती. ते परत आले, कारण त्यांच्यासाठी भट्टी उभी राहत होती. औषधांच्या क्षेत्रातही हेच घडले. १९६१ साली स्थापन झालेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीचे ऋषिकेश व हैदराबाद येथील कारखाने सोव्हिएत साहाय्याने उभे राहिले आणि शिकून आलेल्यांना तेथे काम मिळाले. त्याच कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ च्या डिसेंबरमध्ये घेतला. परतण्याची जागाच मोडून टाकायची आणि मग परत येत नाहीत म्हणून तरुणांना दोष द्यायचा, हा राज्यकर्त्यांचा न्याय अजब आहे.

भिलाईच्या भट्ट्यांना खनिज पुरविणारे दल्ली राजहरा दुसरा धडा देते. तेथील खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील आपल्या संघटनेमार्फत, स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून शहीद हॉस्पिटल उभारले आणि १९७७ च्या गोळीबारातील हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, ३ जून १९८३ रोजी, ते सुरू केले. कामगारांच्या मुलामुलींतूनच तेथे आरोग्य कार्यकर्ते घडविले गेले. अनावश्यक इंजेक्शने, निरुपयोगी टॉनिके आणि ताकदीची म्हणून चढविली जाणारी सलाईन यांविरुद्ध तेथील डॉक्टरांनी व कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून प्रचार केला. कोणते औषध द्यावे एवढेच नव्हे, तर कोणते देऊ नये हेही रुग्णाला समजावून सांगणे, हा ज्याला परदेशात रुग्णालयीन औषधशास्त्र म्हणतात त्याचाच गाभा आहे. तो छत्तीसगडच्या लाल मातीत, खाणकामगारांच्या पैशाने, चार दशकांपूर्वी रुजला होता. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली, तरी ते हॉस्पिटल राहिले. त्यांच्या राजकीय भूमिकेशी कोणाचे कितीही मतभेद असोत, हा अनुभव समग्र कामगार चळवळीच्या मालकीचा आहे.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जेथे डॉक्टरच अपुरे तेथे वॉर्डात औषधतज्ज्ञ कशाला? उत्तर सरळ आहे. डॉक्टर अपुरे असतात तेथेच घाईत चुका होतात आणि दुसऱ्या जाणत्या डोळ्यांची गरज अधिक असते. दुसरा आक्षेप खर्चाचा. चुकीच्या डोसाने लांबलेला मुक्काम, अर्धवट सोडलेल्या औषधांमुळे पुन्हा उफाळलेला क्षय आणि कारण नसताना वाटलेली प्रतिजैविके यांचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीने दाखविला जात नाही, म्हणून तो दिसत नाही. तो गरिबाच्या मजुरीतून वसूल होतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रुग्णालयीन औषधतज्ज्ञाची कायम स्वरूपाची पदे निर्माण करा, कंत्राटी नव्हेत. औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उमेदवारीच्या काळात पोटापुरते विद्यावेतन द्या आणि त्यांना खिडकीपुरते न ठेवता राऊंडमध्ये सामील करून घ्या. परदेशी प्रशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या द्या, पण परतल्यावर कोणत्या रुग्णालयात, कोणत्या पदावर, हे जाण्यापूर्वीच ठरवा. सार्वजनिक क्षेत्रातील औषध उत्पादन पुन्हा उभे करा. सरकारी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी या मागण्या एकत्रितपणे हाती घेतल्या पाहिजेत, कारण एकट्या विद्यार्थ्यांची मागणी नोकरीची मागणी म्हणून बाजूला सारली जाईल. रुग्णांच्या वतीने कामगार व शेतमजूर संघटना तिच्यामागे उभ्या राहिल्या तर ते शक्य होणार नाही.

परदेशी वॉर्डात उभा असलेला तो विद्यार्थी जे कसब शिकतो ते परके नाही. रुग्णाचे ऐकून घेणे, हिशेब तपासणे आणि चूक दिसताच बोलणे, एवढेच ते आहे. परकी आहे ती त्या कसबाला मिळणारी जागा. ती जागा पंडरीच्या जिल्हा रुग्णालयात आणि देशातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निर्माण झाली, तर खिडकीपुढच्या रांगेतील हमालाला आणि शेतमजूर स्त्रीला गोळ्यांबरोबर त्यांचा अर्थही मिळेल, आणि त्यांच्या शिकलेल्या मुलामुलींना तो अर्थ सांगण्यासाठी समुद्र ओलांडावा लागणार नाही.