तर्कबुद्धीची परीक्षा घेणार सर्व, शिकविणार कोण?

कोल्हापुरातील पुस्तकविक्रेत्यांच्या दर्शनी फळीवर आज कादंबऱ्यांच्या शेजारी, आणि पुष्कळदा त्यांच्याही पुढे, ‘बुद्धिमत्ता चाचणी’ व ‘तर्कक्षमता’ या विषयांवरील जाडजूड मार्गदर्शके मांडलेली असतात. सहा माणसे गोल मेजाभोवती मध्याकडे तोंड करून बसली आहेत. तर तिसऱ्याच्या उजव्या हाताला कोण? एक मनुष्य उत्तरेस चार किलोमीटर चालून उजवीकडे वळला आणि आणखी तीन किलोमीटर गेला. तर तो मूळ ठिकाणापासून किती दूर आहे? पोलीस शिपाई, तलाठी, बँकेतील कारकून किंवा उपजिल्हाधिकारी, यांपैकी कोणतीही नोकरी मिळवावयाची असो, अशा कोड्यांचा उंबरठा ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. कोडे हा एरवी निरुपद्रवी विरंगुळा होय. परंतु त्याच्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाची भाकरी अवलंबून राहू लागली, म्हणजे तो सामाजिक प्रश्न बनतो आणि त्याचा विचारही त्याच दृष्टीने करावा लागतो.

स्पर्धा परीक्षा ही मूलतः पुरोगामी कल्पना आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वशिला, घराणे आणि साहेबाची मर्जी यांच्या जागी गुणांची यादी आली, हा लहानसा बदल नव्हता. मात्र परीक्षा खुली असली म्हणजे संधी समान झाली, असे होत नाही. भारतीय सनदी सेवेची परीक्षा १८५५ पासून नावाला खुली होती. पण १९२२ पर्यंत ती केवळ लंडनमध्ये होत असे. दार उघडे होते, परंतु दारापर्यंतचा प्रवास समुद्रापलीकडचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी हे मर्म नेमके ओळखले होते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला. दार उघडणे आणि दारापर्यंतचा रस्ता बांधणे ही दोन्ही राज्यसंस्थेचीच कर्तव्ये आहेत, हा त्या धोरणाचा अर्थ होता.

या कसोटीवर तर्ककोड्यांचा इतिहास तपासून पाहण्याजोगा आहे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीसह भारतीय भाषांतून देता येऊ लागली. ग्रामीण पदवीधराला त्यामुळे बळ आले. पुढे २०११ मध्ये पूर्व परीक्षेतील वैकल्पिक विषय काढून त्या जागी ‘सीसॅट’ नावाची अभिक्षमता चाचणी आली: आकलन, अंकगणित, तर्क आणि विश्लेषण. कोणत्याही विषयाच्या पदवीधराला ही चाचणी सारखीच लागू पडेल, असे तिचे समर्थन होते. प्रत्यक्षात भारतीय भाषांतून शिकलेल्या आणि मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांना ती जाचक वाटली. २०१४ मध्ये दिल्लीत मोठे आंदोलन झाले; त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेत धरले गेले नाहीत, आणि २०१५ पासून हा पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये हाच मार्ग धरला आणि २०२२ मध्ये याच रीतीने तो पेपर पात्रतेपुरता केला. प्रश्न मात्र सुटला नाही, केवळ एक पायरी मागे सरकला. केंद्रीय परीक्षेत आजही दोन तासांत ऐंशी प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, हा हिशेब कायम आहे. आणि मुख्य परीक्षा मराठीत लिहू शकणाऱ्या उमेदवाराला पूर्व परीक्षेचे प्रश्न वाचावे लागतात ते इंग्रजीत किंवा हिंदीत.

या चाचण्यांमागे एक गृहीतक दडलेले आहे. इतिहास-भूगोल पाठ करता येतो, परंतु तर्कशक्ती ही उपजत असते. म्हणून कोडी माणसाच्या अंगची बुद्धी मोजतात, पैसा किंवा घराणे मोजत नाहीत, असे ते गृहीतक होय. बुद्धिमापनाचा जनक मानला जाणारा आल्फ्रेड बिने स्वतः या मताचा नव्हता. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये त्याने चाचणी तयार केली ती ज्या मुलांना अधिक मदतीची गरज आहे त्यांना हुडकून काढण्यासाठी. मदतीचे हे साधन पुढे चाळणी बनले. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अकराव्या वर्षी मुलांची अशीच परीक्षा घेऊन त्यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या केल्या जात. सराव व शिकवणी यांमुळे या ‘उपजत’ बुद्धीचे गुण वाढतात, असे तेथील मानसशास्त्रज्ञांना १९५० च्या दशकातच आढळून आले. आणि १९६५ मध्ये मजूर पक्षाच्या शासनाने सर्वांसाठी समान माध्यमिक शाळांचा आग्रह धरला.

इंग्लंडपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. कोल्हापूर जिल्ह्यातच याहून बोलका पुरावा आहे. महाराष्ट्रातील शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा व गणिताबरोबर बुद्धिमत्ता चाचणी हा विषय दीर्घकाळ आहे. या परीक्षेच्या गुणवत्ता यादीत भुदरगड, राधानगरी यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळा वर्षानुवर्षे झळकत आल्या आहेत. ही मुले शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, गवंड्यांची. त्यांच्या घरी मार्गदर्शकांची कपाटे नाहीत. शाळा सुटल्यावर थांबणारा आणि सुट्टीच्या दिवशीही वर्ग भरविणारा शिक्षक एवढेच त्यांचे भांडवल. गोल मेज ज्यांच्या घरात नाही अशी ही मुले पंगतीत वाढावयास गेलेली असतात. समोरासमोर बसलेल्यांचा उजवा हात परस्परविरुद्ध दिशेला येतो, हे त्यांना एकदा पंगत आठवून दिली की समजते. बुद्धी उपजत असते आणि ती शहरातच उपजते, असे मानणाऱ्यांना या शाळांनी परस्पर उत्तर दिले आहे. तर्क शिकविता येतो.

परंतु जे शिकविता येते ते विकताही येते. आणि सार्वजनिक शाळेने ते शिकविण्याचे थांबविले, की बाजार ते विकू लागतो. प्राथमिक शाळेत मिळालेले हे शिक्षण माध्यमिक शाळेत आणि महाविद्यालयात पुढे चालू राहत नाही. इंटर आर्ट्‌सच्या वर्गात एके काळी अनुमानाचे नियम आणि हेत्वाभास शिकविले जात. आता तर्कशास्त्र हा अकरावी-बारावीतील एक ऐच्छिक विषय आहे, आणि तो फार थोडे विद्यार्थी घेतात. पदवीपर्यंत ज्याने विधान आणि अनुमान यांतील भेद कधी ऐकला नाही, त्याच्याकडून पदवीनंतर अचानक दीड मिनिटात अनुमान मागितले जाते. ही मधली दहा वर्षांची पोकळी खाजगी शिकवणीवर्ग भरून काढतात. त्यांच्या शुल्कावर शासन १८ टक्के वस्तू व सेवा कर घेते. म्हणजे जे शिक्षण देणे शासनाचे कर्तव्य होते, ते विकत घेतल्याबद्दल शासन विद्यार्थ्याकडूनच कर वसूल करते! ज्याला हे शुल्क परवडत नाही तो अभ्यासिकेत बसून जुन्या प्रश्नपत्रिका घोकतो. मुलींच्या बाबतीत तर पैशाआधीच मुदत संपते. दुसऱ्या प्रयत्नाची वाट पाहण्याइतका धीर फार थोड्या घरांतून धरला जातो.

कोडी तटस्थ असतात हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. नातेसंबंधांवरील प्रश्नांचेच उदाहरण घ्यावे. हे प्रश्न बहुधा इंग्रजीत जन्मतात. इंग्रजीत ‘अंकल’ हा एकच शब्द काका, मामा, मावसा आणि आत्याचा नवरा या सर्वांना पुरतो. कोड्याची सगळी गुंतागुंत या मोघमपणावर उभी असते. मराठीत ‘मामा’ म्हटले की अर्धे कोडे सुटते, आणि इंग्रजी प्रश्न वाचणाऱ्या मराठी मुलाला आधी तो मोघमपणा शिकावा लागतो. याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. ‘माझ्या पत्नीच्या वडिलांची बहीण माझी कोण?’ असे विचारले तर पुस्तकातील उत्तर ‘आतेसासू’. परंतु दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत जुनी आहे. अशा घरात पत्नीच्या वडिलांची बहीण ही त्या माणसाची सख्खी आई असू शकते! तेव्हा कागलच्या एखाद्या मुलाने ‘दिलेल्या माहितीवरून निश्चित सांगता येत नाही’ असे उत्तर दिले, तर शुद्ध तर्काच्या दृष्टीने तोच अधिक बरोबर ठरेल. गुण मात्र त्याचे कापले जातील. कारण परीक्षकाने आपल्या घरातील चालीरीतीलाच तर्काचा नियम समजलेले असते.

तर मग ही कोडी रद्द करावीत काय? असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते हिताचे नाही. त्यांच्या जागी सनावळ्यांची घोकंपट्टी आणावी, तर तीही विकली जाते. तोंडी मुलाखतीचे वजन वाढवावे, तर पेहराव, उच्चार आणि ओळख यांचे वजन वाढते. शिवाय तर्कशक्ती ही उच्चवर्गाची मिरास नव्हे. सावकाराच्या हिशेबातील खोट आणि पुढाऱ्याच्या भाषणातील हेत्वाभास ज्याला दिसतो, त्यालाच कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांना तर्क अधिक हवा. आक्षेप आहे तो त्याचा एक तुकडा तोडून त्याची शर्यत लावण्याला.

या शर्यतीत तर्काचा महत्त्वाचा अर्धा भाग बाहेर राहतो. ‘सर्व आंबे दगड आहेत, सर्व दगड ढग आहेत, म्हणून सर्व आंबे ढग आहेत.’ हे अनुमान नियमाला धरून आहे, परंतु विधाने खोटी आहेत. दिलेली विधाने वस्तुस्थितीशी विसंगत असली तरी ती सत्य मानून चाला, अशी स्पष्ट सूचना अशा प्रश्नांच्या माथ्यावर असते. अनुमानाची रीत शिकविण्यासाठी ती सूचना योग्यच आहे. परंतु सारी उमेदवारी याच सूचनेखाली गेली, तर विधान तपासण्याची सवय लागावयाची कधी? २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने या जिल्ह्यात हाहाकार उडविला. ‘पिकाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यास मिळावी’ हे विधान सत्य मानले, की तोंडी वाट्याने शेत कसणारा यादीतून गळतो आणि अनुमानात एकही चूक नसते. चूक असते ती गृहीतकात. चांगल्या अधिकाऱ्याकडून आणि जागरूक नागरिकाकडून अपेक्षा असते ती गृहीतकाला हात घालण्याची. आणि नेमका त्याच गोष्टीला प्रश्नपत्रिकेत मज्जाव असतो.

शेवटी चाळणीची चर्चा करताना जागांचा दुष्काळ विसरता येत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून जास्त. अशा वेळी चाळणी कितीही न्याय्य केली तरी बाहेर राहणाऱ्यांची संख्या बदलत नाही. फ्रेड हर्श या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मधील आपल्या ग्रंथात अशा स्पर्धेचे जे विश्लेषण केले आहे, ते कोल्हापूरकरांना कुस्तीच्या फडावरून सहज कळेल. पुढची रांग नीट दिसावे म्हणून उभी राहिली की मागच्यांनाही उभे राहावे लागते. सर्वांचे पाय दुखतात, आणि पूर्वीपेक्षा अधिक कोणालाच दिसत नाही. एकाने शिकवणी लावली की दुसऱ्याला लावावी लागते. खर्च सर्वांचा वाढतो, जागा तेवढ्याच राहतात.

म्हणून मागण्या स्पष्ट केल्या पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या शाळांनी जे करून दाखविले ते माध्यमिक शाळांतून पुढे चालू राहावे; पदवीच्या पहिल्या वर्षी, शाखा कोणतीही असो, तर्कशास्त्र व आकडेशास्त्र यांचा पायाभूत अभ्यास मातृभाषेतून असावा. केंद्रीय पूर्व परीक्षेचे प्रश्न मराठीतही मिळावेत, आणि ते मुळात मराठीत विचार करणाऱ्यांनीही रचावेत. कोल्हापुरात शासनाचे पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, २०२१ पासून ‘सारथी’चे उपकेंद्र आहे, परंतु जिथे जाण्यासाठी पुन्हा निवडीची चाळणी पार करावी लागते, त्या सोयी मूठभरांच्याच राहतात. तालुक्याच्या ग्रंथालयात विनामूल्य अभ्यासिका आणि शिक्षक हवा. आणि या सर्वांच्या आधी, शासनाने रिक्त पदे ठरलेल्या मुदतीत भरली पाहिजेत.

याच जिल्ह्यातील बहिरेवाडीत जन्मलेले आणि गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारणारे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणातील न सुटलेला त्रिकोण असल्याचे १९७५ मध्ये मांडले होते. तो त्रिकोण दीड मिनिटात सुटणारा नव्हे. परंतु शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचे मैदान बांधले ते असे उतरते आणि वर्तुळाकार, की हजारो प्रेक्षकांना बसल्या जागेवरून कुस्ती दिसावी. टाचा उंचावण्याची पाळी कोणावर येऊ नये, अशी रचना करणे शक्य असते, हे कोल्हापुरास कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. शिक्षणाच्या क्षेत्रात ती रचना करावयास शासनाला भाग पाडणे, हे काम मात्र अजून बाकी आहे.