थरथर आणि मेंदूची झाडलोट

"वय झालं, हात थरथरणारच!" वसईच्या होळी बाजारात काय किंवा घरच्या ओटीवर काय, हे वाक्य सर्रास ऐकू येतं. पण प्रत्येक थरथर म्हातारपणाची नसते. हालचाली मंदावणं, अंग आखडणं, पाय घासत चालणं ही पार्किन्सनची लक्षणं असू शकतात. या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि एक प्रथिन साचत जातं.

हा कचरा बाहेर का पडत नाही? अमेरिकेतल्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांच्या मेंदूतली सफाईची व्यवस्था दाखवली. झोपेत ती जोरात चालते, असं २०१३ मध्ये मांडलं. २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासाने त्यावर शंकाही घेतली. पार्किन्सनच्या रुग्णांच्या एमआरआयमध्ये ही सफाई मंदावल्याच्या खुणा जितक्या ठळक, तितका हालचालींचा त्रास जास्त, असं काही अभ्यासांत आढळलं. पण कारण कोणतं नि परिणाम कोणता, हे अजून ठरायचंय.

तेव्हा मैत्रिणींनो, 'मेंदू साफ करणाऱ्या' औषधाला भुलू नका. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं कित्येकदा थरथरीच्या काही वर्षं आधीच सुरू होतं. ते डॉक्टरांना सांगा. गोळ्यांच्या वेळा पाळा. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांचा आधार घ्या. आणि हो, रात्रभर उठबस करणारी बहुधा घरातली बाईच असते. तिच्याही झोपेची पाळी घरच्यांनी ठरवायला नको का?