बिचारी बॅटरी!

मंडळी, आमच्या थळला होडीचं इंजिन सुरू झालं नाही की निकाल ठरलेला: "बॅटरी गेली, नवी टाका!" अहो, पण तपासलीत का? १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर विसावल्यावर १२.६ दाखवते, स्टार्टर मारतानाही १०च्या खाली जात नाही. मग तिचा काय गुन्हा? खरा चोर बहुधा निगेटिव्हच्या जोडणीत हिरवा थर होऊन बसलेला असतो. खाऱ्या हवेनं तांबं गंजतं, विजेची वाट अडते. जोडणी सोडवा, घासा, आवळा, वर ग्रीस लावा.

आणि फ्यूजऐवजी तार गुंडाळणाऱ्यांनो, खांदेरीपाशी वायर पेटली तर पळणार कुठे? न तपासता बॅटरी बदलणं म्हणजे पेपर न वाचता मुलाला नापास करणं. शिक्षक म्हणून मला ते मुळीच मान्य नाही!