चाके बदलली, जबाबदारी कोणाची?

दिल्लीतील करोल बाग, बेंगळुरूचा जे. सी. रोड किंवा चेन्नईचा जनरल पॅटर्स रोड येथील मोटार उपसाधनांच्या बाजारपेठांत सेदान गाडीची मूळ पोलादी चाके काढून त्या जागी मिश्रधातूची, बहुधा एक-दोन इंचांनी मोठी, चाके बसवून दिली जातात. गाडी उठून दिसते. मात्र त्यानंतर ती कायद्याच्या चौकटीत राहते का, याचे निश्चित उत्तर दुकानदाराजवळ नसते, आणि कायद्यातही ते सहज सापडत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने ९ जानेवारी २०१९ रोजी याच तरतुदीचा कठोर अर्थ ग्राह्य धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली.

मात्र कलम ५२ च्या स्पष्टीकरणात, वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतील बदल, अशी ‘बदल’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. चाक हे मूलभूत वैशिष्ट्य आहे काय? खासगी मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन व चासी क्रमांक, इंधन, रंग, आसनसंख्या असते. चाकाचे माप सहसा नसते. त्यामुळे विसंगती नेमकी कशाशी ताडून पाहावयाची, हा प्रश्न राहतोच.

उत्पादकही एकाच गाडीला दोन मापांची चाके देतात. २०२० मध्ये आलेल्या होंडा सिटीच्या खालच्या श्रेणीत १८५/६० आर १५, तर वरच्या श्रेणीत १८५/५५ आर १६ टायर होते. पहिल्याचा बाह्य व्यास सुमारे ६०३ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६१०; म्हणजे फरक जेमतेम ७ मिलिमीटरचा. याउलट १६ इंची रिमवर २०५/५५ टायर चढविल्यास व्यास ६३२ मिलिमीटरवर जातो. मूळ १५ इंची चाकाच्या तुलनेत ही वाढ जवळजवळ पाच टक्के असून, स्पीडोमीटर ८० दाखवीत असताना गाडीचा वेग आधीपेक्षा सुमारे चार किलोमीटरने अधिक असतो. वळणावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता वाढते ती वेगळीच.

व्यासाखेरीज बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळ, मधल्या छिद्राचे माप, भारक्षमता आणि ऑफसेट, म्हणजे चाक हबपासून किती आत वा बाहेर बसते ते अंतर, यांचाही मेळ बसावा लागतो. सर्वांत दुर्लक्षित राहते ती नटाची बैठक. काही गाड्यांच्या मूळ चाकांना गोलाकार बैठकीचे नट असतात, बाजारातील चाकांना बहुधा शंक्वाकार लागतात. जुनेच नट आवळले तर ते वरवर घट्ट वाटतात, पण धावत्या गाडीत सैल होऊ शकतात. हा दोष शोरूमसारख्या चकचकीत दुकानातही डोळ्यांना दिसत नाही.

केंद्र सरकारने २०२० मध्ये रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाचा आग्रह धरला. हे पाऊल योग्यच होते. तथापि, चिन्ह चाकाच्या मजबुतीविषयी सांगते. ते चाक अमुक गाडीला चालेल किंवा नाही, हे सांगत नाही.

जर्मनीमध्ये नेमका हाच दुवा जोडलेला आहे. तेथे बाजारातील चाकासोबत फ्लेन्सबुर्ग येथील संघीय मोटार वाहतूक कार्यालयाचे मान्यतापत्र मिळू शकते आणि त्यात चाक कोणत्या मॉडेलला, कोणत्या टायरसह, कोणत्या अटींवर चालेल याची यादी असते. यादीबाहेरचे चाक बसविणाऱ्यास तपासणी करून घ्यावी लागते.

भारतात अशा यादीअभावी निर्णय कारागिराच्या अनुभवावर आणि दंडाचा भार मालकावर, अशी विभागणी झाली आहे. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकासमोर पॉलिसीत न नोंदविलेल्या चाकांचा खुलासाही मालकासच करावा लागतो. नव्या चाकांची लेखी सूचना कंपनीला आधीच देण्याची तसदी घेणारे ग्राहक विरळाच.