टीव्हीची पाठ दाखवून विका

गिऱ्हाईक दुकानात येते, भिंतीवर लावलेले सपाट टीव्ही पाहते आणि दोनच गोष्टी विचारते : किती इंची आणि केवढ्याला? दुकानदारही तेवढेच सांगतो. सौदा होतो. संध्याकाळी फोन येतो, ‘जुना सेट-टॉप बॉक्स लागतच नाही, वायरी बसवायला जागाच नाही!’ मग हेलपाटे, नवा खर्च आणि मनात कायमची अढी. आमच्या मते यात दोष मालाचा कमी आणि विकणाऱ्याचा अधिक आहे. टीव्हीचा चेहरा सारेच दाखवतात. पाठ कोणी दाखवत नाही.

जुन्या डब्यासारख्या टीव्हीच्या मागे पिवळे, पांढरे आणि लाल अशी तीन छिद्रे हमखास असत. पिवळे चित्राचे, बाकी दोन आवाजाची. टीव्ही सडपातळ झाले तशी या मोठ्या छिद्रांना जागा उरली नाही. बऱ्याच सेटमध्ये त्यांच्याऐवजी हेडफोनसारखे एकच बारीक छिद्र असते आणि खोक्यात एक छोटी जोडवायर मिळते. काही सेटमध्ये तेही नाही. ही जोडवायर हरवली तर बाजारातली कोणतीही चालेल असे समजू नये. तिच्या पिनवरील कड्यांचा क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. चुकीची लावली की चित्र येत नाही किंवा आवाजात घरघर येते, आणि गिऱ्हाईक म्हणते की टीव्हीच खराब आहे.

आता मुख्य भिस्त एचडीएमआयवर आहे. 2002 साली आलेल्या या जोडणीत चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात. स्वस्त सेटमध्ये अशी दोन किंवा तीनच तोंडे असतात. सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, मुलांचा गेम आणि संगणक एवढे घरात असले की ती अपुरी पडतात. शिवाय साउंडबार कोणत्याही तोंडात चालत नाही. ज्यावर ‘एआरसी’ लिहिले आहे त्यातच तो टीव्हीचा आवाज घेतो. ही सोय 2009 च्या आवृत्तीपासून आली. कित्येक साउंडबार ‘बिघडले’ म्हणून परत येतात ते केवळ चुकीच्या तोंडात लावल्यामुळे.

वायरीबाबत तर आपल्या धंद्यात सरळ फसवणूक चालते. ‘महाग वायर घ्या, रंग खुलतील’ असे सांगितले जाते. एचडीएमआयमधून आकड्यांच्या रूपात संकेत जातो. दीड-दोन मीटरपर्यंत, त्या टीव्हीला पुरेल अशा क्षमतेची साधी चांगली वायर आणि महाग वायर यांच्या चित्रात फरक पडत नाही. कन्व्हर्टरचेही तसेच. तीन रंगांच्या वायरीतून एचडीएमआय करणारा वेगळा आणि एचडीएमआयचे तीन रंगांत उतरवणारा वेगळा. दोन्ही दिसायला सारखे, पण उलटे चालत नाहीत. गिऱ्हाइकाला कोणता हवा ते न विचारता देणे म्हणजे त्याचे पैसे पाण्यात घालणे होय.

बसवणाऱ्या कारागीर बंधूंना दोन शब्द. तोंडे मागे आहेत की बाजूला, हे भिंतीला भोक पाडण्याआधी पाहावे. मागे असतील तर भिंत आणि सेट यांच्यात वायर दाबली जाते, तोंडावर ताण येतो आणि आतील बोर्डाचा सांधा सुटतो. सर्व वायरी आधी जोडून, चालवून पाहून मगच सेट टांगावा. जोडताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. घरात अर्थिंग नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. यूएसबीचे तोंड बहुधा अर्ध्या अँपिअरचे असते. मोठी हार्ड डिस्क त्यावर चालली नाही तर तो टीव्हीचा दोष नव्हे.

वाय-फाय आले, आता तोंडे कशाला, असेही काहीजण म्हणतात. ज्यांच्या घरी इंटरनेट चांगले चालते त्यांचे ठीक. ज्यांच्याकडे जुना बॉक्स आणि जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्यांना वायरच लागते. आणि आपले बरेचसे गिऱ्हाईक तेच आहे.

म्हणून सूचना साधी आहे. सौदा करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : घरात काय काय जोडायचे आहे? बॉक्सची वायर कोणती? टीव्ही भिंतीवर की टेबलावर? मग सेट फिरवून पाठ दाखवा आणि कोणती किती तोंडे आहेत ते बिलावर लिहून द्या. यात पाच मिनिटे जातील, एखादा सौदाही कदाचित जाईल. पण जे कमी आहे ते आधीच सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येते.